रात्री दोन वाजता झोपाळ्यावर

पत्र

मी ५६ वर्षांची आहे, वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहते. बीपीमुळे किडन्या गेल्या, मधुमेह नाही. तीन वर्षांपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी ३ ते ७ डायलिसिस घेते. गेल्या दिवाळीपासून संध्याकाळ झाली की पिंडऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागतं. दुखत नाही, पण पाय स्थिर ठेवताच येत नाहीत. मशीनवरचा शेवटचा तास तर नको होतो. दोन-तीनदा मी अर्धा तास आधीच काढायला लावलं. रात्री घरात फेऱ्या मारते, नाहीतर झोपाळ्यावर बसून पायानं रेटा देत राहते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आवाजानं यजमान उठू नयेत म्हणून एका हातानं कडी धरून ठेवते. आता दुपारी चार वाजले की आज रात्री पुन्हा तेच, या धास्तीनं छातीत धडधडतं, रडू येतं. नाटकाला जाणं सोडलं. घरच्या डॉक्टरांनी काळजी कमी व्हायची गोळी दिली आहे, अंगाला खाज सुटते म्हणून रात्रीची दुसरी एक आहे. त्या सुरू झाल्यापासून पाय जास्तच. मुलगा म्हणतो, ‘आई, तू विचार फार करतेस.’ शेजारच्या काकी रोज केळं आणि नारळपाणी घ्यायला सांगतात. खरंच हे माझ्या मनाचं आहे का?

— एक भगिनी, वडोदरा

उत्तर

ताई,

नाही. हे तुमच्या मनाचं नाही. हा पायांचा खराखुरा आजार आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. मी डॉक्टर नाही. डायलिसिस विभागात रुग्णांशी आणि घरच्यांशी बोलण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. त्यामुळे औषध काय घ्यायचं हे मी सांगणार नाही. पण तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना काय विचारायचं आणि कोणत्या शब्दांत, ते नक्की सांगेन.

तुमच्या पत्रातलं झोपाळ्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. पायानं रेटा देत राहिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, असं तुम्ही लिहिलंत. निदान जवळजवळ त्या वाक्यातच आहे. पाय हलवावेसे वाटणं, न राहवण्याइतकं. बसलं किंवा आडवं झालं की ते वाढणं. चाललं, ताणलं, हलवलं की उतरणं. आणि संध्याकाळी-रात्री जास्त होणं. हे चारही जुळलं आणि दुसरं काही कारण सापडलं नाही, तर डॉक्टर त्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. यासाठी एक्स-रे किंवा स्कॅन लागत नाही. रुग्णानं नीट सांगितलं आणि डॉक्टरांनी नीट ऐकलं की ओळखता येतो. अडचण इथेच आहे, कारण राउंडवर डॉक्टर विचारतात, ‘काही त्रास?’ आणि आपण म्हणतो, ‘जरा पाय ओढतात.’ मग त्याची नोंद ‘पेटके’ अशी होते.

पेटके वेगळे. मशीनवर पाणी जास्त किंवा भराभर काढलं गेलं की पोटरीत गोळा येतो, हाताला दगडासारखा लागतो, जीव जातो इतकं दुखतं आणि मग सुटतो. तुमच्या पायांत गोळा नाही, वळवळ आहे. मधुमेह असलेल्या काहींच्या तळपायांची आग होते, बधिरपणा येतो, आणि चाललं म्हणून ती आग थांबत नाही. ते नसांचं दुखणं. काहींना दोन्ही असतं, तेव्हा डॉक्टरांना सोडवून बघावं लागतं. तुमच्याकडे तो गुंता दिसत नाही.

थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं हा त्रास १६७२ साली लिहून ठेवला आणि कार्ल-ॲक्सेल एकबोम या स्वीडिश डॉक्टरांनी १९४५मध्ये त्याला आजचं नाव दिलं. मुलाला हे जरूर सांगा. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्याची नोंद झाली, तो त्याच्या आईनं विचार करून करून निर्माण केलेला नाही. डायलिसिसवरच्या लोकांत तर हा फारच आढळतो, साधारण चार-पाच जणांत एकाला. म्हणजे तुमच्या शिफ्टमध्ये दहा खाटा असतील तर आणखी एखादी व्यक्ती चादरीखाली पाय घासत पडलेली असणार, आणि तिलाही वाटत असणार की हे फक्त आपल्यालाच होतं.

का होतो, तर मेंदूतल्या हालचालीशी संबंधित डोपामीन नावाच्या रसायनाचं रात्रीचं गणित बिघडतं. ते रसायन नीट काम करायला मेंदूला लोह लागतं. किडनीच्या रुग्णांत लोहाची कमतरता नेहमीची असते. दर वेळी नळ्यांमध्ये आणि फिल्टरमध्ये थोडं थोडं रक्त राहून जातं, तपासण्यांसाठी जातं ते वेगळं. शिवाय शरीरात आतून दाह (इन्फ्लमेशन) असला की लोह कोठारात असूनही बाहेर निघत नाही. म्हणून फक्त हिमोग्लोबिन बघून भागत नाही. फेरिटिन (लोहाचा साठा किती आहे ते) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वापरायला लोह किती आहे ते), या दोन तपासण्यांचे ताजे आकडे विचारा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५च्या मार्गदर्शक सूचनांत डायलिसिसपर्यंत पोचलेल्या रुग्णांसाठी वेगळा विचार आहे. फेरिटिन २००च्या खाली आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर शिरेतून आयर्न सुक्रोज देऊन बघावं, असं त्या सुचवतात. ते इंजेक्शन डायलिसिस चालू असतानाच नळीतून देता येतं, वेगळी सुई लागत नाही. द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण आकडे विचारायचा हक्क तुमचा आहे.

आता गोळ्यांकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथली वाटली. तुम्ही नावं लिहिली नाहीत. पण गोळ्या सुरू झाल्यापासून पाय जास्तच, हे तुमच्या लक्षात आलं, ते फार मोलाचं आहे. काळजी आणि उदासीवर दिल्या जाणाऱ्या कितीतरी औषधांनी हा त्रास वाढू शकतो: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन. खाजेसाठी रात्री देतात ते हायड्रॉक्सिझिन, ॲलर्जीसाठीचं फेनिरामिन, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, यांनीही वाढतो. मळमळीवर देतात ते मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन हीदेखील त्याच यादीत. सगळ्यांना असं होतंच असं नाही. पण घरच्या डॉक्टरांनी काळजी बघून एक गोळी दिली, दुसऱ्या कुणी खाज बघून दुसरी दिली, आणि पायांचं कुणी विचारलंच नाही, असं सर्रास होतं. चूक कुणा एकाची नसते. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कुणी पाहिलेल्याच नसतात.

म्हणून येत्या शिफ्टला घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. डोकेदुखीची, सर्दीची, आयुर्वेदिक चूर्णाची, सगळी. ती पिशवी किडनीच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि म्हणा, ‘यातलं कुठलं औषध माझे पाय वाढवतंय का?’ एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते: काळजीची गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका. एकदम सोडली तर चक्कर, घबराट, झोप उडणं असं होतं आणि तुम्ही आणखी घाबराल. कमी कशी करायची, बदलून कुठली द्यायची, हे त्यांना ठरवू द्या.

या त्रासावर गॅबापेंटिन नावाचं औषध डायलिसिसच्या रुग्णांना दिलं जातं. त्याचा एक फायदा तुमच्यासाठी खास आहे: किडनीच्या आजारातल्या खाजेवरही ते चालतं. म्हणजे पाय आणि खाज दोन्हींसाठी एकच औषध होण्याची शक्यता आहे. पण ते शरीराबाहेर किडनीवाटेच जातं, म्हणून डायलिसिसवर त्याची मात्रा अगदी लहान असते आणि ती बहुधा डायलिसिस झाल्यावर घ्यायची असते. कुणा नातेवाइकाची कंबरदुखीची गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन ‘एक घेऊन बघू’ म्हणून घेतली, तर झोपाळूपणा, तोल जाणं, भ्रम, हातपाय झटकणं असे प्रकार होतात. डोपामीनसारखं काम करणाऱ्याही गोळ्या आहेत. त्यांनी सुरुवातीला छान वाटतं, पण काही महिन्यांनी काहींचा त्रास दुपारपासूनच सुरू व्हायला लागतो, हातांतही येतो. तसं झालं तर मात्रा वाढवून मागू नका, आधी डॉक्टरांना तसं सांगा.

केळं आणि नारळपाण्याबद्दल स्पष्टच लिहिते. काकींची माया खरी आहे, पण हे घेऊ नका. पेटक्यांसाठी केळं ही गोष्ट किडन्या चालणाऱ्या माणसांची. एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, पेलाभर नारळपाण्यातही तेवढं किंवा जास्त. ते लघवीवाटे बाहेर टाकायची सोय तुमच्या शरीराला उरलेली नाही. रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, कधी काही न जाणवता. मॅग्नेशियमच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन सी यांचंही तसंच, विचारल्याशिवाय नको. व्हिटॅमिन सीचा या त्रासात उपयोग होतो असं दिसलं आहे, पण डायलिसिसवर ते जास्त झालं तर त्याचा ऑक्झॅलेट नावाचा क्षार होऊन शरीरात साचतो. किती आणि कधी, हे डॉक्टरांनीच सांगायचं.

अर्धा तास आधी मशीन काढण्याबद्दल मी रागावणार नाही. पाय आतून उसळत असताना, हातात दोन सुया आणि उठता येत नाही, ही अवस्था मी जवळून पाहिली आहे. एक बाई दर पाच मिनिटांनी समोरच्या घड्याळाकडे बघायच्या आणि टाच गादीवर इतकी घासायच्या की चादरीला तिथे भोक पडलं होतं. पण चार तासांतला अर्धा तास म्हणजे आठवा हिस्सा. पुन्हा पुन्हा कमी होत गेलं तर रक्त पुरेसं साफ होत नाही, आणि अपुरी सफाई हेही हा त्रास वाढण्याचं एक कारण मानलं जातं. पायांमुळे वेळ कमी, वेळ कमी म्हणून पाय जास्त. तुमचा केटी-बाय-व्हीचा आकडा, म्हणजे एका डायलिसिसमध्ये रक्त किती साफ झालं ते सांगणारा आकडा, विचारा. आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांना तो दर वेळी किमान १.२ तरी असावा. पूर्ण चार तास बसता यावं यासाठी काय करता येईल, हे टेक्निशियनशी बोलून ठरवायचं.

पहिली मागणी: सकाळची शिफ्ट. हा त्रास घड्याळाप्रमाणे चालतो, सकाळी सर्वांत कमी असतो. तुमचा शेवटचा तास संध्याकाळी सहा ते सात, म्हणजे नेमका तो सुरू होण्याचा. सकाळी जागा लगेच मिळणार नाही, हे मला माहीत आहे. नाव लिहून ठेवा, आणि कारण ‘सोयीचं नाही’ असं न सांगता आजाराचं नाव सांगा. दुसरी मागणी: पडल्या पडल्या मारायचं पेडल. काही विभागांत ते असतं. पहिल्या दोन तासांत, बीपी ठीक असताना, डॉक्टरांच्या परवानगीनं पाय चालवले तर त्रास कमी होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. पेडल नसलं तरी खाटेच्या पायथ्याशी घट्ट उशी ठेवून तळपायांनी ती दाबत-सोडत राहता येतं. तिसरी गोष्ट छोटी आहे. डोकं गुंतलं की पाय जरा गप्प बसतात. नुसतं टीव्हीकडे बघून होत नाही, त्यात मन लागत नाही. शब्दकोडं, एका हातानं खेळता येईल असा मोबाइलवरचा खेळ, नाहीतर शेजारच्या खाटेवरच्या बाईंशी मनापासून गप्पा. शेवटच्या तासासाठी यातलं एक राखून ठेवा. आणि डायलिसिसच्या वेळी मिळणारा चहा सोडा. चहा-कॉफी सकाळचीच.

घरी झोपण्याआधी पिंडऱ्या ताणणं, कोमट पाण्यात पाय, खरबरीत टॉवेलनं वरून खाली चोळणं, कुणाला गार पाण्यानं बरं वाटतं, ज्याला जे लागू पडेल ते. पाण्याची ऊब आधी कोपरानं बघायची. पिंडरीला करकचून ओढणी बांधतात ते नको.

आता धास्तीबद्दल. तुम्ही दोन गोष्टी एकात मिसळून विचारल्यात, म्हणून सोडवून लिहिते. पायांचा आजार मनानं आलेला नाही. पण त्या आजारानं मनाला धास्ती लावली आहे, आणि ती धास्तीही खरीच आहे. रोज रात्री दोन-तीन तासच झोप मिळाली तर कुणाचंही मन तसंच होईल. त्यात डायलिसिसची आपली काळजी असतेच: सुई नीट लागेल का, मशीनचा अलार्म का वाजला, बीपी पडलं तर, पुढच्या महिन्याचा खर्च. झोप नाही म्हणून धास्ती, धास्तीनं अंग ताणलेलं म्हणून पाय आणखी जाणवतात. हे दोन्ही बाजूंनी सोडवायचं असतं, आणि पायांवर उपचार हा काळजीवरचाही उपचार असतो. पाय शांत झाले की निम्मी धास्ती आपोआप उतरलेली मी पाहिली आहे.

इथे माझी एक चूक सांगते. पूर्वी अशाच एका बाईंना मी शवासन शिकवलं. डोळे मिटा, अंग सैल सोडा, अजिबात हलू नका. आठवड्यानं त्या आल्या त्या रडतच. ‘तुम्ही सांगितलंत ते मला जमत नाही, माझ्यातच खोट आहे.’ तेव्हा मला कळलं की जो आजार स्थिर पडण्यानं चेततो, त्यावर मी स्थिर पडणं सांगत होते. तुम्हाला कुणी योगनिद्रा सांगितली आणि जमली नाही, तर ती तुमची हार समजू नका. श्वासाचा व्यायाम चालता चालता करा, किंवा झोपाळ्यावर: पुढे जाताना श्वास सोडायचा, मागे येताना घ्यायचा. सोडणं लांब, घेणं आखूड.

चार वाजताच्या धडधडीसाठी एक वही करा. रात्री किती वाजता पाय सुरू झाले, किती वेळ, त्या दिवशी काय घेतलं होतं, एवढंच. दोन आठवड्यांत बहुतेक असं दिसेल की सगळ्या रात्री सारख्या नाहीत. ‘रोज रात्री’ हा धास्तीचा शब्द आहे, वहीत तारखा असतात. डॉक्टरांनाही ती वही तुमच्या शब्दांपेक्षा लवकर समजेल. बोलायला माणूस हवं असेल तर सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि रात्री-अपरात्री टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मनाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा पहिलं वाक्य हे ठेवा: ‘मी डायलिसिसवर आहे आणि मला रेस्टलेस लेग्ज आहे.’ मग ते गोळी निवडताना त्याचा विचार करतील.

एका गोष्टीला मात्र धास्ती समजू नका. शुक्रवारी डायलिसिस झालं की पुढचं सोमवारी, म्हणजे मध्ये दोन दिवसांचं मोठं अंतर. त्या रविवारी रात्री आडवं पडल्यावर दम लागला, उठून बसल्यावर बरं वाटलं, छाती भरून आली, ठोके चुकल्यासारखे झाले किंवा हातापायांतली शक्ती गेली, तर ते अंगात साठलेलं पाणी किंवा पोटॅशियम असू शकतं. वहीबिही बाजूला, सरळ दवाखाना. ‘आई घाबरली असेल’ असं त्या वेळी कुणी म्हणायचं नाही, हे मुलाला आजच सांगून ठेवा.

मुलाला आणखी एक काम द्या: प्रत्यारोपणाबद्दल डॉक्टरांशी तुमच्यासोबत बसून एकदा सविस्तर बोलायचं. शक्य असेल की नसेल, वय, हृदय, दाता, सगळं बघावं लागतं. पण नवी किडनी चालू झाल्यावर पायांचा हा त्रास बऱ्याच जणांचा काही दिवसांत-आठवड्यांत ओसरतो, म्हणून बोलणं टाळू नका.

नाटकाचं सोडू नका. गांधी नगरगृहात मागच्या रांगेत, कडेची खुर्ची घ्या आणि डायलिसिस नसेल त्या दिवशीचा दुपारचा प्रयोग. मध्येच उठून मागे उभं राहून बघितलंत तर कुणाला अडचण होत नाही.

यजमानांशी मात्र मोकळेपणानं बोला. त्यांना एक रात्र तुमच्या पायांकडे बघायला सांगा. झोपेत दर वीस-चाळीस सेकंदांनी पाय झटकला जातो का, घोरताना श्वास मध्येच थांबतो का. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना हव्या असतात आणि त्या तुम्हाला स्वतःला कधीच कळणार नाहीत. शेजारी झोपणाऱ्यालाच दिसतात. आणि झोपाळ्याच्या कड्यांना त्यांना उद्याच तेल घालायला सांगा. रात्री दोन वाजता तिथे बसावं लागलं, तर कडी धरून चोरून बसू नका.

पिशवी येत्या शिफ्टलाच न्या. काय म्हणाले ते मला कळवा.

तुमची ताई